पाठ केलेला तक्ता

आमची शाळा माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी, कर्जत तालुक्यातल्या एका लहानशा गावात आहे. पहिली ते सातवी. वरच्या वाड्यांवर चौथीपर्यंतच शाळा असल्यामुळे तिथली मुलं पाचवीला डोंगर उतरून आमच्याकडे येतात. मी खोपोलीची. रोज स्कूटीवरून येते-जाते. त्या वर्षी पाचवीचा वर्ग माझ्याकडे होता, आणि जूनमध्ये वाडीवरून ज्या मुली आल्या त्यात ती होती.

उंच, काटक, केस घट्ट ओढून बांधलेले. उंच म्हणून मी तिला मागे बसवलं. तिच्याच वाडीवरची एक मैत्रीण तिच्या शेजारी. दोघी एकमेकींना चिकटून बसायच्या. पहिल्या पंधरा दिवसांत माझ्या लक्षात आलं की या मुलीला कविता एकदा ऐकली की येते. चाल लावून म्हटली तर शब्द न चुकता, आणि नुसती वाचून दाखवली तरी दोन दिवसांत. पाढे खणखणीत. पण वही पाहिली की वाटायचं, ही दुसऱ्याच कुणाची असावी. फळ्यावरून उतरवून घ्यायचं म्हटलं की तिची मान मैत्रिणीच्या वहीकडे वळायची.

आणखी एक गोष्ट मला खटकायची. सकाळी गाडी लावून मी शाळेकडे चालत यायचे तेव्हा बाकीची मुलं लांबून "बाई, बाई" करत धावत यायची. ही समोरून येऊनसुद्धा काही न बोलता बाजूने निघून जायची. मी हसले तरी तिच्या चेहऱ्यावर काही नाही. वाडीवरची मुलं सुरुवातीला बुजरी असतात हे मला माहीत होतं, पण हिचं बुजरेपण मला घमेंडीसारखं वाटलं. दहा वर्षांच्या मुलीची घमेंड! आज हे लिहितानाही संकोच वाटतो.

जुलैमध्ये मुलांचे डोळे तपासायचं काम आलं. तपासणीचं पथक वर्षातून एकदा येतं, पण त्याआधी शिक्षकांनी प्राथमिक पाहणी करून ठेवायची असते. त्यासाठी एक तक्ता मिळतो. त्यावर फणीसारखा तीन दात्यांचा एकच आकार, वरून खाली लहान लहान होत जाणारा. दाते कधी वर, कधी खाली, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. मुलाने ठरलेल्या अंतरावर उभं राहायचं, एक डोळा हाताने झाकायचा आणि दाते कुठल्या बाजूला आहेत ते सांगायचं. बाहेर पाऊस धो धो, त्यामुळे मी सगळा वर्ग आतच भिंतीकडेने रांगेत उभा केला. एकेक मूल पुढे येई, मोठ्याने बाजू सांगे, मी यादीत खूण करी. तासाभरात पाचवी आणि सहावी उरकली.

तिचा नंबर शेवटून तिसरा होता. दोन्ही डोळ्यांनी तिने सगळ्या ओळी सांगितल्या, शेवटची सर्वांत बारीक ओळसुद्धा, आणि सगळ्यांपेक्षा भरभर. मी तिच्या नावापुढे "ठीक" लिहिलं. एवढंच नाही, मनात म्हटलं, डोळे चांगले आहेत म्हणजे लक्षच नसतं हिचं.

मग मी दोघी मैत्रिणींना वेगळं केलं. मैत्रीण पुढे, ही मागेच, एकटी. त्या आठवड्यापासून तिच्या वहीची पानं कोरी यायला लागली. तारीख, विषय, आणि खाली काही नाही. ऐकून लिहायचं असेल तर बरोबर, फळ्यावरचं असेल तर कोरं. मी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा रागावले.

"तुझं लक्ष कुठं असतं गं? डोक्यात काही शिरतच नाही का?"

ती खाली बघत उभी राहिली. मी म्हटलं, "कोरी वही मला चालणार नाही. जमेल तसं लिही, पण लिही."

तिने ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून वही भरून यायला लागली. सगळं चूक. मी लाल पेनाने फुल्या मारत गेले.

सप्टेंबरच्या सुमारास एका दुपारी, मधल्या सुट्टीत मी गुणाकाराच्या वह्या तपासत होते. फळ्यावर उदाहरणं तशीच होती. तिची वही हातात आली आणि नेहमीप्रमाणे फुली मारायला पेन टेकवलं, तेवढ्यात उत्तराकडे नजर गेली. १३४४. फळ्यावर २३६ गुणिले ४ होतं. तिने वहीत ३३६ गुणिले ४ लिहिलं होतं. मी मनात गुणून पाहिलं. ३३६ चौक १३४४. तिचा गुणाकार बरोबर होता. खालचं उदाहरण फळ्यावर ९५२ गुणिले ६, तिच्या वहीत १५३ गुणिले ६, उत्तर ९१८. तेही बरोबर. मी मागची पानं उलटली. जिथे जिथे मी फुली मारली होती तिथे तिथे मुलीने समोर दिसलेलं गणित अचूक सोडवलं होतं. तिला दोनाचे तीन दिसत होते आणि नवाचा एक.

मी तिला वर्गात बोलावलं. बाकीची मुलं व्हरांड्यात जेवत होती. कपाटातून तो तक्ता काढला. टांगायला गेले आणि काय वाटलं कोण जाणे, उलटा टांगला. खालचं वर, वरचं खाली. बारीक ओळ वरती आली, मोठा आकार तळाला गेला, प्रत्येक आकाराचे दाते विरुद्ध बाजूला झाले. तक्ता उलटा आहे हे कुणालाही लांबून दिसलं असतं.

तिला ठरलेल्या अंतरावर उभं केलं. "सांग बघू."

तिने डावा डोळा झाकला आणि सुरू केलं. "उजवीकडं. खाली, वर. डावीकडं, वर, उजवीकडं..." जुलैत म्हटलं होतं तसंच, त्याच क्रमाने, त्याच वेगाने. माझ्या हातातली पट्टी कुठल्या ओळीवर आहे हेही तिला दिसत नव्हतं. मी पट्टी खाली घेतली तरी ती बोलतच होती.

मी तिच्याजवळ गेले. "तुला हे पाठ आहे?"

"हो."

"कधी पाठ केलंस?"

"रांगेत उभी व्हती तवा. सगळे सांगत व्हते ना."

"पण पाठ कशाला केलंस?"

तिने माझ्याकडे जरा आश्चर्यानेच पाहिलं. "परीक्षा व्हती ना, बाई."

वीस-बावीस मुलांची उत्तरं ऐकून तिने अख्खा तक्ता तोंडपाठ केला होता, कारण कुणीच तिला सांगितलं नव्हतं की इथे न दिसणं ही चूक नाही. सांगायचं काम माझं होतं. मी स्वतः दहावीपासून चष्मा लावते. माझे वडील खोपोलीच्या कारखान्यात होते. मला सिनेमाची पाटी वाचता येत नाही हे कळल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला डॉक्टरकडे नेलं. म्हणजे ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असंही म्हणता येत नाही.

पुढच्या आठवड्यात मी सगळ्या शाळेची तपासणी परत केली. या वेळी मुलं बाहेर, आत एका वेळी एकच, आणि तक्ता दर दोन मुलांनंतर फिरवायचा. सुरुवातीलाच प्रत्येकाला सांगायचं, "दिसत नसेल तर दिसत नाही म्हण. त्याचे गुण जात नाहीत." आमच्या एवढ्याशा शाळेत तिच्याशिवाय आणखी पाच मुलं निघाली. या पाचही जणांबद्दल आमच्याकडे आधीच काही ना काही मत तयार होतं. एक खोडकर, सारखा जागेवरून उठून फळ्यापाशी येतो. एकीचं दुपारी डोकं दुखतं, ती कामचुकार. एकाला क्रिकेटमध्ये कुणी घेत नाही, कारण तो झेल सोडतो. सहावीतली एक मुलगी डोळे बारीक करून बघायची, तिला सगळे "आखडू" म्हणायचे. आणि तिसरीतली एक चिमुरडी, गावाला लागून असलेल्या कातकरी वस्तीवरची, पुस्तक नाकाला लावून वाचायची. ती तिची लकब आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या चिमुरडीचं आधी सांगून टाकते. तिचा नंबर काढून झाला, चष्मा मंजूर झाला, पण तो येईपर्यंत दिवाळी झाली आणि तिचे आईवडील वीटभट्टीच्या कामाला तिला घेऊन निघून गेले. कुठल्या भट्टीवर हे वस्तीवर कुणालाच नीट सांगता येईना. एक म्हणाला मोहोपाड्याकडे, दुसरा म्हणाला पार भिवंडीला. मी मोहोपाड्याच्या बाजूला दोन रविवार फिरून आले, भेटली नाही. चष्मा कार्यालयाच्या कपाटात राहिला. जूनमध्ये ती आली तोवर नंबर वाढला होता आणि फ्रेमही तिला घट्ट व्हायला लागली होती. सगळं पुन्हा करावं लागलं. ते एक वर्ष गेलं ते गेलंच.

आता पाचवीतल्या त्या मुलीकडे येते. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर वाडीवर गेले. पाऊण तासाची चढण. ती पुढे, मी धापा टाकत मागे. वाट तिच्या पायांना माहीत होती. तिचे वडील माथेरानला हॉटेलांचं सामान डोक्यावरून वर पोचवायचं काम करतात. त्या दिवशी ते घरी होते. आई ओट्यावर बसून सुपात तांदूळ निवडत होती, सूप अगदी तोंडाजवळ धरून. मी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, चष्मा पोरीच्या जातीला बरा नाय दिसत. उद्या लोकं म्हणतील, पोर आंधळी हाय."

"आंधळी नाही हो. चष्मा लावला की तुमच्या-माझ्यासारखं दिसेल तिला."

"तिची आई बी अशीच हाय. लांबचं नाय दिसत तिला. काय अडलं तिचं? शेत करती, घर करती."

आईने सूप खाली ठेवलं आणि मुलीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे न बघता मला म्हणाली, "कवा न्यायची, तेवढं सांगा. मी येते."

कर्जतच्या दवाखान्यात ती मुलीला घेऊन आली, ठरल्या दिवशी, माझ्याही आधी. डोळे तपासणाऱ्या तरुणाने मुलीच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवली आणि एकेक काच घालून बघायला लागला. दोन्ही डोळ्यांना उणे साडेचारच्या आसपास नंबर निघाला. शेवटच्या काचा घातल्यावर त्याने तिला दारापर्यंत चालायला सांगितलं. ती दोन पावलं गेली आणि थांबली. खाली बघून पाय चाचपडत टाकायला लागली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"जमीन खाली गेली."

"होतं तसं सुरुवातीला," तो म्हणाला. "चार दिवसांत सवय होते."

ती वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. बाहेर पडल्यावर रिक्षात मी विचारलं, "कसं दिसलं?"

ती विचार करून म्हणाली, "लय भरलेलं."

चष्मा आला दिवाळीच्या आधी आठ दिवस. जांभळ्या काड्यांचा. मुलांनी दोन दिवस "ढापणी" म्हणून चिडवलं, मी दोन दिवस दटावलं, मग सगळे विसरले. तिची मैत्रीण पुन्हा तिच्या शेजारी बसायला लागली. वहीत फळ्यावरचेच आकडे उतरायला लागले. मी स्वतःवर खूश होते.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि ती चष्म्याशिवाय आली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी चष्मा होता, चौथ्या दिवशी पुन्हा नाही. मी विचारलं तर म्हणाली, "घरी ऱ्हायला."

मला वाटलं, लाजते. कुणी नातेवाइकांनी सुट्टीत काही बोललं असेल, किंवा वडिलांनीच काढून ठेवला असेल. मी वर्गासमोर चष्म्याचं महत्त्व यावर छोटं भाषणही दिलं. तिच्यावर त्याचा काही परिणाम दिसला नाही. शेवटी एका सकाळी मी तिला जवळ घेऊन विचारलं, "खरं सांग, चष्मा कुठाय? फुटलाय का? मी रागावणार नाही."

"नाय फुटला. आईकडं हाय."

"आईकडे? कशाला?"

"कापणीला गेलीय ना ती. आमच्या वरच्या खाचरातली कापणी ऱ्हायलीय. तिला लागतो." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून घाईने म्हणाली, "कापणी झाली की मला देणार हाय. आमी वाटून घेतलाय."

त्या शनिवारी मी पुन्हा वर गेले. वाडीच्या वरच्या अंगाला उतरणीवर त्यांची खाचरं आहेत. मी बांधाच्या खालच्या वळणावर असतानाच वरून हाक आली, "बाई, तिकडनं नको, घसरतंय. अशा बाजूनं या."

मुलीची आई विळा हातात घेऊन उभी होती. नाकावर जांभळा चष्मा, काड्या तिच्या कानांना पुरत नव्हत्या म्हणून मागून सुतळीने बांधलेला.

मी बांधावर बसले. ती समोर उकिडवी बसली आणि चष्मा काढायला लागली. मी म्हटलं, "राहू द्या." तिने पुन्हा नीट बसवला.

"पोरीचा हाय, ठाव हाय मला," ती म्हणाली. "पन बाई, एक दिस सहज लावून बघितला. मला वाटायचं सगळ्यांना असंच दिसतं. माझी दुसरीत शाळा सुटली. मास्तर म्हनायचे, हिच्या डोक्यात काय शिरत नाय, हिला शेळ्यांमागं धाडा. मला बी तसंच वाटायचं. माझं डोकंच नाय."

ती हे तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती. पाय पुढे करून तिने घोट्याच्या वरची एक जुनी, वाकडी खूण दाखवली. "विळा लागलेला. दोनदा. आनी पेंढा उचलताना लय भ्या वाटतं, खाली जनावर असलं तर? मी आपली पायानं चाचपून मग उचलते. यंदा कापणी करताना भ्या नाय वाटलं."

डोक्यात शिरत नाही हे शब्द मी तिच्या मुलीला उद्देशून वापरले होते. मी तिला ते सांगितलं. का सांगितलं ते माहीत नाही, पण न सांगता तिथे बसवत नव्हतं.

"पोरीनं सांगितलं व्हतं मला," ती म्हणाली. "तुमी परत बघितलंत ना पन."

मी म्हटलं, "तुमचा नंबर वेगळा असेल. हा चष्मा तुमच्या कामाचा नाही. तुम्हाला तुमचा मिळायला हवा."

"मोठ्या मानसाला देतात?"

देतात, पण ते शाळेतून होत नाही. आपणच जावं लागतं, बारीकसारीक कागद लागतात, दोन-तीन चकरा होतात. मी तिला ते नीट समजावून सांगितलं. कापणी संपल्यावर आम्ही पुन्हा कर्जतला गेलो. या वेळी तिचा नवराही आला. मी काही विचारलं नव्हतं, तरी मला म्हणाला, "आमाला काय ठाव, बाई. लगीन झाल्यापासून ती अशीच. आमाला वाटलं, तिची चालच तशी, सावकाश." मग तो दाराजवळ पिशवी धरून उभा राहिला.

तिचा नंबर मुलीपेक्षाही जास्त निघाला. मुलीच्या चष्म्याने तिला अर्धवटच दिसत होतं, आणि त्या अर्धवटावरच ती इतकी समाधानी होती. डोळे तपासणाऱ्या तरुणाने शेवटची काच घातली आणि म्हणाला, "आता लांब बघा, दाराकडे."

तिने दाराकडे पाहिलं. दारात नवरा उभा होता.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "तुमचं केस कवा पिकलं?"

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि डोक्यावरून हात फिरवला. "झाली की चार-पाच वर्सं," तो म्हणाला. डोळे तपासणारा खाली बघून हसू दाबत होता. ती मात्र हसली नाही. ती त्याच्याकडे बघतच राहिली, आणि तो लाजून बाहेर जाऊन उभा राहिला.

याला आता तीन वर्षं होत आली. मुलगी आठवीत आहे, खालच्या गावातल्या हायस्कूलला जाते. ती वर्गात पहिली वगैरे येत नाही. गणित बरं आहे, इंग्रजीचा कंटाळा करते, भूगोल आवडतो. तिचा नंबर दोनदा वाढला आणि चष्मा एकदा कबड्डी खेळताना मोडला. तिच्या नव्या शिक्षकांना मी पहिल्याच दिवशी फोन करून सांगितलं होतं की हिला पुढे बसवा, उंच असली तरी.

गेल्या उन्हाळ्यात कर्जतला माझ्या स्वतःच्या चष्म्यासाठी गेले होते. तोच तरुण होता. मला ओळखून म्हणाला, "तुमच्या त्या वाडीवरच्या बाई मागच्या महिन्यात येऊन गेल्या. तीन बायका आणि चार पोरं घेऊन. मी विचारलं, मॅडम नाही आल्या का बरोबर? तर म्हणाल्या, त्यांचं काय काम?"

"सगळ्यांना नंबर निघाले?" मी विचारलं.

"चौघांना. एक म्हातारी होती, तिला मोतीबिंदू. तिला पुढे पाठवलंय." त्याने माझ्या नाकावर फ्रेम ठेवली आणि एक काच सरकवली. "रांग मात्र त्यांनी स्वतःच बाहेर लावली. आत एकेकालाच सोडत होत्या. आणि पोरांना सांगत होत्या, नाय दिसलं तर नाय म्हना."